तिकडचे आखाडे, इकडचे आखाडे

मागच्या अंकात मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या स्वेलडेल खोऱ्यातल्या म्यूकर या डोंगरी पॅरिशवर लिहिलं होतं. लेक डार्लिंग्टनला नर्स आहे. तिच्याकडे दोन उन्हाळे राहिले आणि तिला सुटी असली की आम्ही दोघी तिकडे जायचो. जिंतूर तालुक्यात तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे डोंगर दिसला की पाय थांबतातच. लेखावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आधी एका ताईंच्या पत्राबद्दल. त्यांनी लिहिलं, “बाई, गावाचं नाव वाचून पोटात गोळा आला. करोनानंतर म्युकरनं आमच्या घरातल्या माणसाचा डोळा नेला.” ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या गावाचा आणि त्या बुरशीचा काही संबंध नाही. गावाच्या नावाचा अर्थ पुढे दिलाय, तो शेतीतला आहे.

पॅरिश म्हणजे तालुका, मंडळ का ग्रामपंचायत? तिथं माणसं किती? (निवृत्त तलाठी, सेलू)

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचा इलाका. ज्या घरांनी त्या चर्चला पिकाचा, लोकरीचा दहावा हिस्सा द्यायचा, ज्यांच्या लेकरांचं बारसं तिथं आणि माती पण तिथंच, तेवढा मुलूख. १८९४ च्या कायद्यानं खेड्यांना निवडून आलेली पॅरिश कौन्सिल मिळाली आणि कारभाराचा पॅरिश वेगळा झाला. आपली गट ग्रामपंचायत डोळ्यापुढे आणा, फक्त अधिकार थोडे. म्यूकरच्या पॅरिशमध्ये म्यूकर, थ्वेट, केल्ड, अँग्रम, आयव्हलेट अशा वाड्या आहेत. सगळी मिळून माणसं अडीचशेच्या आसपास, आणि डोंगर एवढा की आपली कित्येक गावांची शिवारं त्यात मावतील.

तुम्ही तलाठी होता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. १५३८ साली तिथं हुकूम निघाला की प्रत्येक पॅरिशनं बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. हुकूम राजाचा असला तरी वही गावच्या चर्चमध्ये, पेटीत कुलूपबंद. पुष्कळ ठिकाणी त्या वह्या सोळाव्या शतकापासून आजपर्यंत शाबूत आहेत. खेड्यातल्या मजुरालाही आपला दहा पिढ्यांमागचा आजा त्यात सापडू शकतो.

ही नावं इंग्रजी वाटत नाहीत. कुठून आली? (वसमत)

बरोबर ओळखलंत. ती नॉर्स नावं आहेत. दहाव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेकडची मंडळी आयर्लंड आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाटेनं या खोऱ्यांत शिरली. खालची सपाट, चांगली जमीन आधीच्या लोकांनी धरलेली होती. यांच्या वाट्याला वरचा डोंगर आला, आणि डोंगराची त्यांना सवयच होती. म्यूकर म्हणजे अरुंद शेत. नदी आणि डोंगर यांच्या मधली ती चिंचोळी पट्टी आजही तेवढीच आहे. केल्ड म्हणजे झरा. थ्वेट म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा. शेजारचं गनरसाइड म्हणजे गुन्नार नावाच्या माणसाचं उन्हाळी कुरण. ओढ्याला तिथं बेक म्हणतात, घळीला गिल, धबधब्याला फोर्स, डोंगराला फेल. हजार वर्षांनी त्या लोकांची भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही, पण ओढा त्याच नावानं वाहतोय.

केल्डजवळ क्रॅकपॉट हॉल नावाचं एक पडकं घर आहे. आजच्या इंग्रजीत क्रॅकपॉट म्हणजे डोकं फिरलेला माणूस, त्यामुळे येणारे-जाणारे पाटीचा फोटो काढतात. खरा अर्थ कावळ्यांची कपार असा आहे. खाणींमुळे खालची जमीन खचली आणि १९५० च्या दशकात ते घर सोडावं लागलं.

आपल्याकडेही असंच आहे. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द फारसीतून आलेले, खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. एस.टी.च्या पाटीवर रोज वाचतो, पण फारसी वाचतोय हे मनातही येत नाही.

आमच्या वस्तीला स्मशानात जायला रस्ता नाही. पावसाळ्यात तिरडी खांद्यावर घेऊन ओढ्यातून जावं लागतं. तुम्ही तिकडच्या प्रेतवाटेचा उल्लेख केला, ती काय होती? (पालम)

दादा, तुमच्या पत्रात ओढ्याचं पाणी छातीपर्यंत होतं असं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं.

वरच्या स्वेलडेलला शेकडो वर्षं एकच चर्च होतं, खाली ग्रिंटन गावात. दफनाची जागाही तिथंच. केल्डकडचं माणूस गेलं की त्याला वीसेक किलोमीटर खांद्यावरून न्यायचं. लाकडी पेटी जड होते म्हणून विणलेल्या टोपलीत ठेवत. वाट नदीच्या काठाकाठानं, चढउताराची. हिवाळ्यात बर्फ, आणि डिसेंबरमध्ये तिथं चार वाजायच्या आतच सूर्य बुडतो. दोन दिवस लागत. मध्ये रात्र पडली तर प्रेत कुठल्यातरी आडोशाला ठेवून माणसं तिथंच थांबत.

आयव्हलेटला नदीवर एक जुना कमानीचा पूल आहे. त्याच्या एका टोकाला जमिनीत लांबट शिळा आहे. टोपली खाली ठेवून खांदेकऱ्यांनी दम खायची ती जागा. लेक मला समजावून सांगायला लागली, पण मला समजावण्याची गरज नव्हती. तो विसावा होता. आपण अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवतो आणि खांदे बदलतो, तसाच. मी शिळेला हात लावला. शेवाळ ओलं होतं आणि दगडाची कड पार गुळगुळीत झालेली. एवढ्या लांब येऊन आपलाच शब्द असा समोर आला की काय वाटतं ते मला लिहिता येत नाही.

१५८० साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, म्यूकरला स्वतःचं चर्च आणि दफनभूमी झाली. वरच्या वाड्यांचा खालपर्यंतचा फेरा वाचला. इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षी राजेरजवाड्यांच्या हकिगती असतील. खोऱ्यातल्या माणसांसाठी त्या वर्षाची मोठी गोष्ट म्हणजे आपलं माणूस आपल्या गावात पुरता येऊ लागलं. तुम्ही रस्त्याची मागणी लावून धरलीय, ती सोडू नका.

फोटोत प्रत्येक शेतात एक दगडी घर दिसतं. आमच्याकडं शेतात आखाडा असतो तसे ते आखाडे आहेत का? सालगडी राहतो का त्यात? (शेतकरी, हिंगोली)

तुमचं पत्र आलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण त्या इमारती पाहिल्या त्या क्षणी माझ्याही तोंडून आखाडा हाच शब्द निघाला होता.

माणूस मात्र त्यात राहत नसे. तो गुरांचा आणि गवताचा आखाडा. खाली गाई बांधायच्या, वरच्या माळ्यावर वाळलं गवत भरायचं. तिथं पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि हिवाळ्यात गवत वाढत नाही. नोव्हेंबर ते मे गुरं आत. जुलैमध्ये कापून वाळवलेलं गवत त्यांना तेवढा काळ पुरवायचं. हे गवत गावात वाहून आणायचं आणि शेण परत शेतावर न्यायचं म्हणजे डोंगराच्या वाटांवर कंबर मोडणारं काम. म्हणून ज्या शेतातलं गवत त्याच शेतात कोंडायचं, गाय तिथंच बांधायची आणि तिचं शेण तिथंच पसरायचं. फेरा फक्त माणसानं घालायचा. शेतकरी सकाळ-संध्याकाळ एका आखाड्यावरून दुसऱ्या आखाड्यावर चालत जाई, धार काढी आणि दुधाचा पत्र्याचा डबा पाठीला बांधून घरी आणी.

थ्वेटच्या वाटेवर एकाचं दार अर्धं निखळलेलं होतं, तिथून मी आत डोकावले. गाईंच्या मधले आडोसेसुद्धा उभ्या शिळांचे. दावं घासून घासून खांबाला खाच पडलेली. वरच्या फळ्यांवर जुन्या गवताचा भुसा आणि तुळईला पाकोळ्यांची घरटी. वास मात्र ओळखीचा होता, आमच्या सासरच्या गोठ्यात कडबा संपल्यावर जो यायचा तोच. आता मोठ्या शेड आल्या, यंत्रानं गवत बांधून निघतं. बरेचसे आखाडे रिकामे आहेत, काहींची छपरं बसलीत, काहींची राहती घरं झाली.

भिंतींबद्दल तुम्ही आणि आणखी चौघांनी विचारलंय. चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही. दोन बाजूंनी दोन भिंती एकमेकींकडे कलत्या रचत न्यायच्या, मध्ये बारीक दगड ठासायचे, ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड घालून दोन्ही भिंती बांधून घ्यायच्या आणि माथ्यावर उभे दगड लावायचे. सगळं वजनावर पेललेलं. यॉर्कशायर डेल्सच्या नॅशनल पार्कात अशा भिंती ८,००० किलोमीटरच्या वर आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात सामायिक डोंगर कायद्यानं वाटले गेले, तेव्हा वरच्या अंगाच्या सरळसोट भिंती झाल्या. गावालगतच्या वेड्यावाकड्या भिंती त्याहून जुन्या. नुसत्या भिंतीच्या वळणावरून तिचं वय सांगता येतं, हे मला आमच्या वर्गातल्या पोरांना दाखवायला फार आवडलं असतं.

म्यूकरहून नदीकडे जाताना वाट गवताच्या शेतांतून जाते. रासायनिक खत नाही, त्यामुळे जूनमध्ये त्यात पिवळी, जांभळी, पांढरी फुलं गुडघाभर. त्यातल्या एका फुलाच्या शेंगा वाळल्या की खुळखुळतात आणि गवत कापणीला आलं हे शेतकऱ्याला कळतं. इंग्लंड आणि वेल्समधली अशी ९७ टक्के कुरणं १९३० च्या दशकापासून गेली. इथं टिकली ती त्या जुन्या शेणाच्या फेऱ्यामुळे. वाटेवर पाटी आहे, गवत हे पीक आहे, एकामागे एक चाला. शेताच्या हद्दीवर भिंतीत अरुंद फट सोडलेली असते, वर रुंद आणि खाली निमुळती. माणसाचा पाय निघतो, मेंढी अडकते. माझा पदर तिथं प्रत्येक वेळी दगडाला घासायचा.

आम्ही धनगर. तिकडच्या मेंढ्यांबद्दल आणि मेंढपाळांबद्दल लिहा. (आष्टी)

स्वेलडेल हीच त्या मेंढीच्या जातीचीही ओळख. तोंड काळं, नाकाडाजवळ पांढरं, शिंगं नर-मादी दोघांनाही, गोल वळलेली. लोकर जाड, गालिच्याच्या कामाची. डोंगर उघडा असला तरी कळप भटकत नाही, कारण प्रत्येक कळपाला आपली हद्द ठाऊक असते. आई चरते तिथं कोकरू चरतं आणि मोठं झालं की ते आपल्या कोकराला तेच शिकवतं. कुंपण मेंढीच्या डोक्यात असतं. म्हणून शेत विकलं तरी डोंगरावरचा कळप बहुधा शेताबरोबरच राहतो. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. ज्यांचे असे डोंगर ओळखणारे कळप गेले त्यांची भरपाई पैशात झाली, पण नवीन आणलेल्या मेंढीला डोंगर कोण शिकवणार?

मोजणीबद्दल तुम्हाला खास सांगते. जुने मेंढपाळ मेंढ्या मोजायला वेगळेच आकडे वापरत. यान, टॅन, टेदर, मेदर, पिप, एझर, सेझर, ॲकर, काँटर, डिक. हे झाले दहा. पंधराला बमफिट आणि विसाला जिगिट. वीस झाले की एक खूण करायची आणि पुन्हा यानपासून सुरू. हे शब्द वेल्शच्या नात्यातले आहेत. विसांनी मोजणं वाचून मला माझी आजी आठवली. ती गोवऱ्या मोजायची ती “तीन विसा आणि चार” अशीच. तुमच्या म्हाताऱ्या माणसांना कळप मोजताना काय म्हणत ते विचारा आणि मला कळवा.

तिथले डोंगर पायऱ्यांसारखे का दिसतात? आमच्या पुस्तकात पायऱ्या म्हणजे दख्खनचा बेसाल्ट असं आहे. (इयत्ता नववी, गंगाखेड)

शाब्बास, फोटो नीट पाहिलास. दिसायला सारखं, कारण वेगळं. आपल्या पायऱ्या लाव्हाच्या थरांच्या, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही पायरीवरूनच आला आहे. स्वेलडेलच्या पायऱ्या समुद्राच्या आणि नदीच्या गाळाच्या, तीस कोटी वर्षांहून जुन्या. चुनखडक, शेल, वालुकाश्म, पुन्हा चुनखडक अशी थप्पी आहे. शेल मऊ म्हणून झिजतो, चुनखडक टणक म्हणून पुढे राहतो आणि पायरी होते. थ्वेटच्या वर घाटात चुनखडकाला पाण्यानं खोल विहिरींसारखी भोकं पाडलीत. हॉस गावच्या बाजाराला जाणारे लोक लोणी वितळू नये म्हणून त्यात सोडून ठेवत, असं सांगतात. म्हणून त्यांना बटरटब्ज म्हणतात. २०१४ साली टूर द फ्रान्सचे सायकलस्वार त्याच घाटातून गेले.

उंचीचंही विचारलंयस. पॅरिशच्या हद्दीवरचा ग्रेट शनर फेल ७१६ मीटर, म्हणजे आपल्या बालाघाटाशेजारी उभा केला तर फार मोठा वाटणार नाही. पण तो ५४ अक्षांशाच्याही वर आहे. एवढ्या उत्तरेला डोंगरावर ज्वारी सोड, गहूही पिकत नाही.

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. तुम्ही लिहिलं की तिथलीही माणसं गाव सोडून गेली. ती परत आली का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, धारूर)

नाही बाळा, आली नाहीत.

त्या डोंगरांच्या पोटात शिसं होतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात खोऱ्यातलं जवळजवळ प्रत्येक घर खाणीवर आणि थोड्याशा शेतीवर जगायचं. माथ्यावर बांध घालून पाणी अडवायचं आणि एकदम सोडायचं, म्हणजे उतारावरची माती धुऊन जाऊन खालची शिशाची शीर उघडी पडते. त्या घळी अजून उजाड आहेत, गवतसुद्धा धरत नाही. खाणीवर चालत जाताना पुरुषही पायमोजे विणत जायचे, कारण खाणीच्या मजुरीत भागत नसे. १८८० च्या दशकात स्पेनमधून स्वस्त शिसं यायला लागलं आणि इथल्या खाणी एकामागे एक बंद पडल्या. घरंच्या घरं उठली. कुणी डरहॅमच्या कोळशाच्या खाणीत, कुणी लँकेशायरच्या कापड गिरण्यांत, कुणी थेट अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पॅरिशमध्ये हजाराच्या वर माणसं होती.

तुझे आई-वडील दसरा-दिवाळीला जातात आणि पट्टा पडला की येतात. कोयता खाली ठेवायला त्यांना घर आहे. तिथं एकदाच जाणं झालं. आता त्या घरांपैकी बरीच शहरातल्या लोकांची सुटीची घरं आहेत, आणि गावच्या पोराला गावात घर घेणं परवडत नाही. जूनच्या एका संध्याकाळी दहा वाजेपर्यंत उजेड होता आणि ओळीनं सात घरांत दिवा लागला नाही. मी मोजलं.

तू पत्रात लिहिलंस की तुला भूगोलात एम.ए. करायचंय. मला वेगळं पत्र लिही. पुस्तकं मी देईन.

तिकडच्या गावातून कुणी नावाजलं का? (पक्षिनिरीक्षक, नांदेड)

थ्वेटचे कीर्टन बंधू, रिचर्ड आणि चेरी. जन्म १८६२ आणि १८७१. म्यूकरच्या शाळेत शिकले. १८९२ साली त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचा अंड्यांसकट फोटो काढला. पुढे पक्षी बुजू नयेत म्हणून बैलाचं कातडं भरून आतून पोकळ बैल केला आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात उभे राहिले. शेतकऱ्याच्या पोरांनाच सुचेल असं हे. पाखरू माणसाला बुजतं, बैलाला बुजत नाही, हे त्यांनी लहानपणी शेतात पाहिलेलं होतं.

आम्हाला आमच्या गावाचा असा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून करू? (बोरी)

शिवारातल्या नावांपासून. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यानं चर्चचा दहावा हिस्सा पैशात बदलला, त्यासाठी बहुतेक पॅरिशचे नकाशे झाले आणि त्याबरोबरच्या यादीत पुष्कळ शेतांचं नावही लिहिलं गेलं. आपल्या सातबारावर गट नंबर येतो, नाव येत नाही. ते फक्त तोंडात आहे. चोपण, बरड, खडकी, गायरान, हाडोळा (महार वतनाची जमीन), म्हसोबाचा माळ, हे सगळं नकाशावर पेन्सिलीनं लिहून काढा. हाडोळा कुठं होता आणि आता कुणाकडे आहे, हेही लिहा, अवघड वाटलं तरी लिहा.

मग कागद. तहसीलला १९५४ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची नोंद, मागा. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतील, वाचणारं माणूस परभणीत मिळतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा, त्यात कोण कधी गाव सोडून गेलं ते तारखेसह असतं. गावात वंशावळ सांगणारा भाट येत असेल तर त्याच्यासमोर वही घेऊन बसा. पोलीस ॲक्शनच्या वेळचं, १९४८ चं, आठवणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली. त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा, कागद थांबतील.

पहिलं नाव मी देते. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला घोडबरड म्हणतात. तिथं कुणाचे घोडे, कधीचे, हे माझ्या सासूबाईंना माहीत होतं. एकदा भाकरी थापताना त्या सांगायला लागल्या होत्या, आणि मी शाळेला उशीर होतोय म्हणून उठले.